विजयाचा जांभळा झोत: सॅक्रामेंटोच्या आशेची गोष्ट

कॅलिफोर्निया राज्याची राजधानी कोणती, असं घरात सहज विचारून बघा. लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्को हेच उत्तर येण्याची शक्यता जास्त. खरं उत्तर आहे सॅक्रामेंटो. समुद्र नाही, हॉलिवूड नाही, उंच इमारतींची गर्दी नाही, त्यामुळे पर्यटकांच्या यादीत हे शहर खालीच राहतं.

यंदा मात्र बास्केटबॉल बघणाऱ्या जगाला हे नाव पाठ झालंय. कारण या शहराचा संघ, सॅक्रामेंटो किंग्ज, ज्या रात्री जिंकतो त्या रात्री स्टेडियमच्या छतावरून लेझरचा जांभळा झोत सरळ आकाशात जातो. सामना घरच्या मैदानावर असो वा परगावी, किंग्ज जिंकले की झोत लागतो. टीव्ही न बघताही अख्ख्या गावाला निकाल कळतो.

हे लिहितेय तेव्हा फेब्रुवारी २०२३ नुकताच संपलाय. किंग्जचे ६१ सामने झालेत. ३६ जिंकले, २५ हरले. हा आकडा साधा वाटेल, पण त्याच्यासाठी एका शहराने किती वाट पाहिली ते कळायला तुम्हाला माझ्यासोबत तिथे यावं लागेल.

दोन नद्यांचं गाव

माझी आतेबहीण फॉल्समला राहते. सॅक्रामेंटोपासून गाडीने अर्ध्या तासावर. तिथे आयटीमधली भारतीय कुटुंबं भरपूर आहेत. यंदा फेब्रुवारीत तिच्याकडे गेले आणि पहिल्या दिवसापासून ताईच्या मागे लागले, "आधी शहर दाखव, मग सामना."

सॅक्रामेंटो आणि अमेरिकन या दोन नद्यांच्या संगमावर हे शहर वसलंय. जानेवारी १८४८ मध्ये इथून तासाभराच्या अंतरावर कोलोमा इथे अमेरिकन नदीच्या पात्रात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसांचे लोंढे आले. टिकाव, फावडी, तंबू, धान्य विकणाऱ्यांनी बाजार मांडला आणि शहर वाढलं. नदीकाठचा 'ओल्ड सॅक्रामेंटो' हा भाग त्या काळासारखाच जपलाय. लाकडी फळ्यांचे फूटपाथ, जुन्या धाटणीची दुकानं, काठाला कायमची उभी असलेली 'डेल्टा किंग' ही चाकाची बोट. तिच्यात आता हॉटेल आहे. शेजारीच १९३५ सालचा, सोनेरी रंगाचा टॉवर ब्रिज.

मुलं बरोबर असतील तर रेल्वे म्युझियम चुकवू नका. अमेरिकेला पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या पहिल्या रेल्वेमार्गाचं पश्चिमेकडचं काम १८६३ मध्ये याच शहरातून सुरू झालं. तिथली खरीखुरी वाफेची इंजिनं बघून ताईचा आठ वर्षांचा मुलगा तासभर हलायला तयार नव्हता.

नदीकाठावरून पंधरा मिनिटं चालत गेलं की येतं गोल्डन वन सेंटर. हे किंग्जचं घर. बाहेर जेफ कून्स यांचं उंच, रंगीबेरंगी शिल्प आहे. त्यासमोर फोटो काढायला रांग लागलेली असते.

गाईच्या घंटा

या शहराला मोठ्या व्यावसायिक खेळांपैकी एकाच खेळाचा संघ आहे, तो म्हणजे किंग्ज. १९८५ मध्ये हा संघ कॅन्सस सिटीहून इथे आला. त्याआधी तो सिनसिनाटीला होता आणि त्याही आधी रोचेस्टरला. एकमेव विजेतेपद १९५१ चं, रोचेस्टरच्या काळातलं. सॅक्रामेंटोत आल्यापासून एकदाही नाही.

सगळ्यात जवळ गेले ते २००२ मध्ये. ख्रिस वेबर, व्लादे दिवाच, माइक बिबी यांचा तो संघ आजही इथल्या पन्नाशीतल्या माणसांना तोंडपाठ आहे. लेकर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोला 'गाईगुरांचं गाव' म्हणून हिणवलं होतं. इथल्या लोकांनी काय केलं असेल? गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन ते स्टेडियममध्ये आले आणि लेकर्सच्या कानाशी वाजवत बसले! पण २००२ ची ती मालिका किंग्ज सातव्या सामन्यात, घरच्या मैदानावर, ओव्हरटाइममध्ये हरले.

मग उतरण लागली. २००६ नंतर किंग्ज एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेरीत पोहोचले नाहीत. सलग १६ हंगाम. एनबीएच्या इतिहासात इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कुठल्याही संघाने पाहिलेला नाही. त्यात २०१३ मध्ये संघच विकून सिएटलला न्यायचं ठरत आलं होतं. लोक रस्त्यावर आले, महापौर केविन जॉन्सन (ते स्वतः एनबीए खेळलेले) धावपळ करत होते. शेवटी संघमालकांच्या मंडळाने २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं.

मुंबईचा माणूस

तेव्हा संघ विकत घेणाऱ्या गटाचे प्रमुख होते विवेक रणदिवे. मुंबईत जन्मले, तिथेच वाढले, शिकायला अमेरिकेत एमआयटीला गेले आणि पुढे सॉफ्टवेअर कंपनी उभी केली. लहानपणी बास्केटबॉलशी त्यांचा संबंध नव्हता. मुलीच्या शाळकरी संघाला शिकवताना त्यांनी हा खेळ क्रिकेटवर वाढलेल्या माणसाच्या नजरेने पाहिला. समोरच्या संघाला निम्मं मैदान फुकट का द्यायचं, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून त्या मुली पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला अडवायच्या आणि त्यांच्यापेक्षा चांगल्या संघांना हरवायच्या.

२०१६ मध्ये नवं स्टेडियम झालं, तेही शहराबाहेर नाही तर मधोमध, एका मरगळलेल्या मॉलच्या जागी. खर्चाचा मोठा वाटा शहराने उचलला. ऑक्टोबर २०१९ मध्ये रणदिवे आपला संघ मुंबईला घेऊन आले. वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन सामने झाले. भारतात झालेले एनबीए संघांचे ते पहिले सामने. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत हजारो शाळकरी मुलं होती. दोन्ही सामने किंग्ज हरले. मी बडोद्याला घरी टीव्हीसमोर होते आणि हरणाऱ्या संघावर जीव जडला तो तिथेच.

चाहत्यांची नाराजी रणदिव्यांच्याही वाट्याला भरपूर आली. सतत प्रशिक्षक बदलले, निवडी चुकल्या, दुष्काळ लांबतच गेला.

यंदाचा हंगाम

नवखे असाल तर थोडक्यात सांगते. एनबीएत ३० संघ. प्रत्येकाचे ऑक्टोबर ते एप्रिल ८२ सामने. पूर्व आणि पश्चिम असे १५-१५ चे दोन विभाग. प्रत्येकातले पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये, सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना आणखी एक पात्रता फेरी.

किंग्जने सुरुवात केली ती सलग चार पराभवांनी. चाहत्यांनी कपाळाला हात लावला, पुन्हा तेच! २९ ऑक्टोबरला मायामीला हरवलं आणि झोत पहिल्यांदा लागला. नोव्हेंबरमध्ये सलग सात सामने जिंकले. त्यात ब्रुकलिनविरुद्ध चक्क १५३ गुण केले.

बदललं काय? एक, नवे प्रशिक्षक माइक ब्राउन. दुसरं, डोमांटास सबोनिस. लिथुआनियाचे थोर खेळाडू आर्विदास सबोनिस यांचा हा मुलगा. मुंबईत किंग्ज खेळले तेव्हा तो समोरच्या पेसर्सकडे होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याला आणण्यासाठी किंग्जने टायरीस हॅलिबर्टन हा लाडका तरुण खेळाडू दिला, तेव्हा गावाने अक्षरशः सुतक पाळलं होतं. आज सबोनिस रिबाउंडमध्ये लीगमध्ये सर्वात पुढे आहे. डिसेंबरमध्ये उजव्या अंगठ्याचं हाड मोडलं, तरी पट्टी बांधून तो खेळतोय.

तिसरा डीॲरॉन फॉक्स. सामना अटीतटीचा झाला की शेवटच्या पाच मिनिटांत त्याच्याकडे चेंडू द्यायचा आणि आपण देवाचं नाव घ्यायचं. त्याच्या जोडीला कॉलेजपासूनचा मित्र मलिक मंक, नेम धरून मारणारा केविन ह्युर्टर, अनुभवी हॅरिसन बार्न्स आणि पहिल्याच वर्षी न बिचकता खेळणारा कीगन मरे.

कच्ची बाजूही आहे. बचाव. २४ फेब्रुवारीला लॉस एंजेलिसमध्ये क्लिपर्सविरुद्धचा सामना दोन ओव्हरटाइमपर्यंत गेला आणि किंग्ज १७६-१७५ ने जिंकले. मंकचे ४५, फॉक्सचे ४२ गुण. दोन्ही संघांचे मिळून ३५१. एनबीएच्या इतिहासात याहून जास्त गुणांचा एकच सामना आहे, १९८३ चा डेट्रॉइट-डेन्व्हर. पण १७५ गुण देऊन दर वेळी जिंकता येत नाही, हे चाहत्यालाही कळतं.

'लाइट द बीम!'

आम्ही पाहिलेला सामना ११ फेब्रुवारीचा, डॅलस मॅव्हरिक्सविरुद्ध. लुका डॉन्चिच आणि कायरी अर्व्हिंग त्या रात्री पहिल्यांदाच एकत्र खेळत होते. आदल्याच रात्री याच डॅलसने लुकाशिवाय किंग्जला हरवलं होतं, त्यामुळे पोटात गोळा होताच.

आमच्या मागच्या रांगेत एक आजोबा नातीला घेऊन आले होते. भाऊजींनी त्यांना विचारलं, किती वर्षं येता? ते म्हणाले, "पहिल्या वर्षापासून." म्हणजे १९८५! नात दहा-अकरा वर्षांची असेल. तिच्या जन्मात किंग्जने प्लेऑफचा एकही सामना खेळलेला नव्हता.

सामना ओव्हरटाइममध्ये गेला. फॉक्सने ३६ गुण केले आणि किंग्ज १३३-१२८ ने जिंकले. मग सतरा हजार माणसं एका सुरात ओरडू लागली, "लाइट द बीम! लाइट द बीम!" खेळाडूने मोठं जांभळं बटण दाबलं. बाहेर येऊन बघतो तर सगळ्यांच्या माना वर. अनोळखी माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. मला गणपतीच्या मिरवणुकीतला चौक आठवला. ताई इथे बारा वर्षं राहते. ती म्हणाली, "या गावात इतके लोक रात्री रस्त्यावर मी पहिल्यांदाच बघतेय."

बडोद्यात तेव्हा रविवारची सकाळ होती. बाबांचा मेसेज आला, "दिवा लागला का?"

जाणार असाल तर

सॅन फ्रान्सिस्कोहून सॅक्रामेंटो साधारण १४० किलोमीटर. खाडीपलीकडच्या ओकलंडहून रेल्वेनेही दोन तासांत येता येतं. राज्याचं विधानभवन बघायला पैसे लागत नाहीत. आसपास शेती असल्याने भाजी-फळं उत्तम मिळतात. एक दिवस जास्त असेल तर कोलोमाला जा, मुलांना सोन्याच्या शोधाची गोष्ट जागेवरच सांगता येईल. आणि तिकडे जाणं जमणार नसेल तर सामना घरूनच बघा. किंग्जचे घरचे सामने आपल्याकडे सकाळी असतात, पोह्यांसोबत छान जमतात.

उरलेले २१ सामने

किंग्ज आज पश्चिम विभागात तिसरे आहेत. गणित त्यांच्या बाजूने आहे, पण १६ वर्षं पोळलेला चाहता गणितावर विश्वास ठेवत नाही. सबोनिसचा अंगठा पुन्हा दुखावला तर? फॉक्स थकला तर? खालचे संघ एकमेकांना इतके चिकटून आहेत की एक वाईट आठवडा चांगला हंगाम बिघडवू शकतो.

विजेतेपदाची भाषा मी करणार नाही. सॅक्रामेंटोतही फारसं कुणी करत नाही. त्यांना एवढंच हवंय की एप्रिलमध्ये, जेव्हा बाकीचे मोठे संघ खेळत असतील, तेव्हा आपल्या गावचं स्टेडियमही उघडं असावं. संघ निघून जायच्या बेतात असताना ज्यांनी तो धरून ठेवला, त्यांचं हे मागणं फार मोठं नाही. येत्या महिन्याभरात सकाळी फोन हातात घ्याल, तेव्हा एकदा किंग्जचा निकालही बघा. जिंकले असतील तर समजा, तिकडे आकाश जांभळं झालंय.