दांडगा मासा

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. या म्हणीतला मासा दांडगा आहे. त्याच्याशी वाकडं घेतलं तर आपलंच काही खरं नाही. पण बाजारात शंभर रुपयांच्या वाट्यात पडलेलं तळहातापेक्षा लहान पापलेट पाहिलं की प्रश्न पडतो, याला कोण भिणार? आणि पाण्यात राहतो तरी कोण? मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. दर्याशी माझा संबंध पिशवीपुरता. म्हणजे म्हण मला लागूच नाही, वैर करायला मी मोकळा!

पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी पकडायच्या माशांच्या ५४ जातींची किमान लांबी ठरली. पापलेटची १३५ मिलिमीटर. ठीक. पण डोल जाळं पट्टी लावून मासा घेत नाही. ओहोटी-भरतीच्या ओढीला तोंड करून ते लावायचं, पाण्याबरोबर येईल ते आत. जवळा हवा तर टोकाकडचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीकच लागतात. त्यात पापलेटचं पोर शिरलं तर वर येईपर्यंत बहुधा मरतंच. ते परत दर्यात टाकलं की कायदा वाचतो. बाजारातल्या मासेवाल्या मावशी म्हणाल्या, "तुम्ही घेता म्हणून आम्ही आणतो, दादा." खरं आहे, आणि दोघांच्याही सोयीचं आहे.

पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै. ती नारळी पौर्णिमेपर्यंत न्या, असं म्हणणाऱ्यांत मासेमारच आहेत. मग कायदा कशाला हवा, आपणच थांबावं? पण एकट्याने थांबून काय होणार. शेजारची बोट १ ऑगस्टला सुटतेच, आणि डिझेलची उधारी पंचांग बघत नाही. छोट्या होडीच्या पाण्यातला दांडगा मासा म्हणजे मोठ्या जाळ्याचा पर्ससीनवाला, असं वाटून मला क्षणभर म्हण सुटल्याचा आनंद झाला. मग त्याच्या बोटीवरचे खलाशी आठवले. त्यांचं पोट कुठल्या पाण्यात धरायचं?

यापेक्षा गाबोळीचा, माशाच्या पोटातल्या अंड्यांचा, विचार बरा. आई मासा घेताना पोट दाबून बघायची. हळद, तिखट, मीठ, वर रवा, मंद आच आणि झाकण. झाकण नसलं तर तडतडून थेट हातावर उडते. बाहेरून कुरकुरीत, आत रवाळ. तिच्यावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. आता कायद्याच्या दृष्टीने त्या माशात काहीच खोट नाही. भरपूर लांब, अंगाने भरलेला. लहानग्याला सोडायचं ते त्याने मोठं होऊन एकदा तरी अंडी घालावीत म्हणून, आणि अंडी घालायला आलेलाच आम्ही पोट दाबून, पारखून, चार पैसे जास्त देऊन घरी आणायचो. ही लांबी कुठल्या पट्टीवर मोजायची?

तर मग गाबोळी खाऊ नये का? मासा मेलेलाच आहे. ती टाकून दिली म्हणून दर्यात एक पिल्लू वाढणार नाही. हे मला पटतं. फार चटकन पटतं, म्हणून शंका येते.