काशीसाठी म्हातारपण कशाला हवं?

‘काशीला काय, रिटायर झाल्यावर जाऊ,’ असं आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. माझी आजीही हेच म्हणत राहिली आणि मग गुडघ्यांनी साथ सोडली. म्हणूनच या हिवाळ्यात मी आईला घेऊन तीन दिवस बनारसला गेले. तुम्हीही बेत आखत असाल, तर हे लक्षात ठेवा.

दशाश्वमेध घाटाजवळ राहा, पण गाडी दारापर्यंत येते का, ते बुकिंगआधी विचारा. गल्ल्या अरुंद आहेत, बॅगा हलक्याच बऱ्या. पावसाळ्यात पायऱ्या पाण्याखाली जातात, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. संध्याकाळच्या आरतीसाठी तासभर आधी जागा धरा. पहाटे नावेत बसा, मात्र भाडं आधी ठरवून घ्या. इथे गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत. सूर्य अगदी समोर उगवतो.

नावेतून जाताना आपल्या खुणाही शोधा. अठराव्या शतकात दशाश्वमेध घाट बांधवून घेतला तो बाळाजी बाजीराव पेशव्यांनी. शेजारीच अहिल्याबाई घाट आहे, दुसऱ्या दिशेला भोसले आणि शिंदे घाट. विश्वनाथाचं मंदिरही १७८० मध्ये अहिल्याबाईंनीच पुन्हा उभारलं.

आई त्या उंच पायऱ्या माझा हात न धरता उतरली आणि बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसली. देवदर्शनाइतकंच मला तेही मोलाचं वाटलं. तुमच्या घरातली काशी कुणासाठी राहून गेली आहे? त्यांना आजच तारीख विचारा.