रिकामं चालणं

“मला शुगर? आरं, माझं वजन बघ की! छप्पन्न किलो हाय मी!”

रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अण्णा, म्हणजे माझे वडील, असं म्हणाले आणि खरं सांगतो, मलाही ते पटलं. आमच्या इंदापूर तालुक्यात शुगर म्हणजे गादीवर बसणाऱ्या, ढेरी सुटलेल्या माणसांचं दुखणं. अण्णांच्या पट्ट्याला तर जादा भोकं पाडावी लागतात! ते दवाखान्यात गेले होते वेगळ्याच कारणाने. उसाचं पाचट लागून पायाला झालेली जखम तीन आठवडे भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, एचबीएवनसी, निघाला ८.९ टक्के. ६.५ पासून मधुमेह धरतात.

महिन्याभराने बारामतीला आमच्या कॉलेजात आरोग्य शिबिर झालं. जर्नल अपुरं होतं, प्रॅक्टिकल चुकवायला बरं म्हणून मीही उपाशीपोटी रांगेत उभा राहिलो. माझी साखर आली ११२! ती १०० च्या आत हवी, १२६ ला मधुमेह. म्हणजे मी पासही नाही आणि नापासही नाही. होस्टेलवर मला सगळे ‘काडी’ म्हणतात. त्या दिवशी काडीला रक्तात ए.टी.के.टी. लागली. वरून हसलो, पण रात्री झोप आली नाही. अण्णांच्या पायाची ती जखम डोळ्यांसमोरून जाईना.

मग वाचायला लागलो. (परीक्षेला एवढं वाचलं असतं तर... असो!) आणि उत्तर सापडलं ते आपल्याच पुणे जिल्ह्यात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकसाहेबांची २१.२! काटा सारखा, माल वेगळा.

याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं बारीक खरी, पण त्यांच्यात कमी होतं ते स्नायूंचं प्रमाण, चरबी त्या मानाने शाबूत! म्हणजे वरून काडी आणि आतून लोणी.

आता जेवणातून आलेली साखर मुख्यतः रिचवतात स्नायू. आपल्या भागातल्या माणसाला समजेल असं सांगायचं तर, कारखान्याचं गाळप मंदावलं की दारात उसाच्या गाड्यांची रांग लागते, तसंच हे. स्नायू कमी, त्यात ते बसून, मग साखर रक्तातच तुंबणार.

आमचे आजोबा दिवसभर बैलांमागे चालायचे. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं, ते काम होतं. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, तोडणी टोळी करते, ठिबकचा कॉक फिरवला की पाणी सुरू. घर ते रान दीड किलोमीटर, तेही मोटारसायकलवर! काम कमी झालं, चहा मात्र वाढला. दिवाळीला शेअरची साखर घरात येते, डबे भरलेले, पाहुणा आला की चहा, निघाला की चहा. अण्णांचा हिशोब मांडला. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम. साठ ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आसपास थांबा म्हणते. आईने तोड काढली, “मग गूळ घालू.” पण रक्ताला गूळ काय नि साखर काय, दोन्ही सारखंच.

माझं तरी काय वेगळं होतं? सकाळी उशिरा उठायचं, नाश्ता बुडवायचा, टपरीवर दोन वडापाव, मग रात्री मेसचा भात. एका वडापावला ढोबळमानाने तीनशे कॅलरी धरा. माझ्या वजनाच्या माणसाच्या एक किलोमीटर चालण्यात पन्नासेक कॅलरी जातात. दोन वडापाव म्हणजे बारा किलोमीटर! मी दिवसभरात चालायचो ते होस्टेल ते वर्ग आणि वर्ग ते कट्टा.

डॉक्टरांनी अण्णांना गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास चालायला सांगितलं. गोळ्या सोप्या होत्या. चालणं अवघड निघालं! मित्रांनो, पुण्यात माणूस बूट घालून बागेत चालला तर त्याला कुणी काही म्हणत नाही. आमच्या गावात शेतकरी माणूस रिकामा चालला की पहिली गाडी थांबते, “अण्णा, बसा की मागं!” दुसरी थांबते, “गाडी बिघडली का?” तिसऱ्याला वाटतं घरात भांडण झालं. चौथ्या दिवशी अण्णा म्हणाले, “मानसं हसत्यात. बास झालं.” आणि गाडीला किक मारली.

सुट्टीला घरी गेलो तेव्हा युक्ती केली. अण्णांच्या हातात खुरपं दिलं, मी किटली घेतली. खुरपं हातात असलं की माणूस कामाला निघालेला असतो, मग कुणी विचारत नाही! रात्री जेवण झालं की बॅटरी घेऊन निघायचं. “मोटर बघून येतो,” बास. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तरी स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे मी त्यांना त्या वाटेवरच सांगितलं. चहा दोन कपांवर आला, तोही बिनसाखरेचा. आईने गव्हाच्या चपात्या कमी करून पुन्हा ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ सुरू केली. मी इकडे सकाळी मैदानावर चार फेऱ्या आणि जोर काढायला लागलो. वडापाव सोडला नाही, खोटं का बोलू? पण आता आठवड्याला एक.

आठ महिन्यांनी अण्णांचा आकडा ७.१ आला. गोळ्या चालूच आहेत, त्या डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी होतील. जखम मात्र केव्हाच भरली. माझी साखर ९८. ए.टी.के.टी. सुटली!

आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला येते, पुढे बेलवडीला रिंगण होतं. दरवर्षी अण्णा गाडीवर जाऊन दर्शन घेऊन यायचे. यंदा म्हणाले, “सणसरपासनं चालत जाऊ.” सणसर ते बेलवडी आणि तिथून लासुर्णे, आम्ही दोघं दिंडीमागे चाललो. हातात खुरपं नव्हतं, किटली नव्हती. ओळखीची माणसं भेटली, पण एकानेही गाडीवर बसा म्हटलं नाही की का चाललाय म्हणून विचारलं नाही.

लासुर्ण्याला झाडाखाली बसल्यावर अण्णांनी आधी चप्पल काढून दोन्ही तळपाय नीट तपासले, डॉक्टरांनी सांगितलंय तसे. मग म्हणाले, “उद्या सकाळी बी जाऊ. खुरपं नको आता.”