चढणीवरची डस्टर

आमचे घर सत्तरीत, रस्त्यापासून बरेच वर. मधली चढण जांभ्या दगडाची आणि लाल मातीची, पावसाळ्यात नुसते शेवाळ. माझी जुनी मारुती चवथीला तिथे कधीच चढली नाही. गाडी खाली ठेवून माटोळीचे सामान डोक्यावरून न्यायचे, त्याचे काही वाटत नव्हते. पण गेल्या चवथीत आईचा गुडघा पार गेला आणि तिला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणले. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. ते मला फार लागले.

नवी फोर व्हील ड्राइव्ह कारकुनाच्या पगारात बसत नाही. म्हणून जुनी डस्टर शोधू लागलो. चारही चाकांना जोर देणारी डस्टर आपल्याकडे २०१४ साली आली, २०२० मध्ये डिझेल इंजिन बंद झाले तेव्हा तीही गेली. गंमत अशी की बहुतेक डस्टर पुढच्या दोन चाकांवरच चालतात. मागचे स्टिकर कुणीही चिकटवील. खरी खूण आतला गोल खटका, टू व्हील, ऑटो आणि लॉक.

पहिली पाहिली ती बार्देसात, समुद्राकाठी. वरून आरसा, खालून खारट वाऱ्याने खाल्लेला पत्रा! दुसरी बेळगावला. सोबत नेलेला आमचा मेस्त्री थेट गाडीखाली शिरला. मागे जाणारा दांडा, डिफरन्शियल, तेलाची गळती, सगळे पाहून बाहेर आला आणि म्हणाला, "पात्रांव, टायरां पळयात, वेगळीं वेगळीं आसात." पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असले की चाके कमीजास्त फिरतात आणि मधल्या जोडणीवर ताण येतो, हे मला ठाऊकच नव्हते. चार टायर आणि टायमिंग बेल्ट यांचा खर्च मालकाने किमतीतून वजा केला, कुरकुरत का होईना. बाकीचे पैसे पतसंस्थेचे.

मग कर्नाटकची एनओसी, फॉर्म २८, २९, ३०, गोव्याचा रोड टॅक्स. आयुष्यभर खिडकीच्या आत बसलेला मी तीनदा बाहेर उभा राहिलो. "उद्या या" हे कसे ऐकू येते ते तेव्हा कळले. असो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईला पुढे बसवले. खटका लॉकवर, पहिला गिअर. मधल्या वळणावर मागचे चाक जरा घसरले, मग धरले. आईने वरची मूठ दोन्ही हातांनी पकडली होती. अंगणात शिरताना एवढेच म्हणाली,

"हळू रे, तुळशीला लागेल."