कापलेला वेळ
जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर फाटा लागतो. इथून परतूरचा रस्ता फुटतो. गाड्या थांबतात, माणसं उतरतात, म्हणून फाट्यावरची कढई थंड होत नाही. भज्यांचा एक घाणा निघाला की दुसरा पडतो. झारा धरलेला तो घामेजला हात पाहिला की मला शेफ विष्णू मनोहर आठवतात.

ते नागपूरचे. ईटीव्ही मराठीच्या ‘मेजवानी’ या पाककृतींच्या कार्यक्रमातून ते घरोघरी पोचले. त्यांनी पुस्तकं लिहिली, ‘विष्णूजी की रसोई’ ही खानावळ उघडली, सिनेमातही काम केलं. पण या साऱ्या पसाऱ्यापेक्षा मला त्यांची एकच गोष्ट मोठी वाटते. एप्रिल २०१७ मध्ये, नागपूरच्या ऐन उन्हाळ्यात, ते सलग ५३ तास रांधत उभे राहिले. त्याआधीचा विक्रम ४० तासांचा होता, बेंजामिन पेरी या अमेरिकी माणसाचा. विक्रमाच्या आकड्याचं मला फारसं अप्रूप नाही. अप्रूप आहे ते पायांचं, पाठीचं, दोन रात्री धगीसमोर उघड्या ठेवलेल्या डोळ्यांचं. पडद्यावरचा स्वयंपाक आयता असतो. कांदा चिरलेला, वाटण वाटलेलं, आणि शिजायला लागणारा वेळ तर कापूनच टाकलेला. त्या ५३ तासांनी तो कापलेला वेळ लोकांसमोर परत ठेवला.

तरी पडद्याचंही एक देणं आहे. कमलाबाई ओगले यांनी १९७०च्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकात वाटी-चमच्याचं माप दिलं आणि कितीतरी नव्या सुनांचा जीव भांड्यात पडला. पण बेसन भाजताना हात कधी आवरायचा, हे पुस्तकाला दाखवता येत नाही. ते टीव्हीनं दाखवलं. शिवाय एक पुरुष चारचौघांत, मन लावून फोडणी घालतोय, हे दृश्य आपल्या माजघरांना हवंच होतं.

२०१७च्याच ऑक्टोबरात मनोहरांनी नागपूरच्या चिटणीस पार्कात ३००० किलो खिचडी शिजवली आणि लोकांना वाटली. पुढच्या वर्षी जळगावात वांग्याचं भरीत. शहराला याचं नवल वाटलं. मराठवाड्यातल्या गावाला ही भाषा जुनीच आहे. हरिनाम सप्ताहाच्या काल्याला अख्खं गाव जेवतं. पहाटे चुलाणं पेटतं, वरणाच्या कढया चढतात, आणि मिठाचा अंदाज एका म्हाताऱ्या आचाऱ्याच्या मुठीत असतो. त्याला कुणी कधी शेफ म्हटलं नाही. मनोहरांच्या मोठ्या कढईमागे मला अशा मुठींची रांग दिसते, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल जवळीक वाटते.

आता एक मागणं आहे. आपल्या भागातली येसरची आमटी पडद्यावर यावी. धान्य, डाळी, मसाला वेगवेगळा भाजून, दळून केलेलं येसर, त्यावर उकळतं पाणी, वरून लसणाची झणझणीत फोडणी, आणि खाली चुरलेली ज्वारीची भाकरी. ती करायला पाहुणा शेफ नको, इथलीच एखादी मावशी हवी. भाजणं अर्ध्यावर कापू नये. ती जितका वेळ घेईल तितका वेळ कॅमेरा चालू ठेवावा, आणि तिचं नाव सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत यावं.