साष्टीच्या रानातला मुक्काम

वारीतला मुक्काम मला नवा नाही. राहुटीच्या दोऱ्या ताणणे, ओल्या जमिनीवर सतरंजी अंथरणे, काकड्याच्या आधी उठून पाण्याच्या टँकरपुढे रांग धरणे, यात अनेक आषाढ गेले. म्हणून मार्गशीर्षात सूनबाईंनी विचारले, "अण्णा, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात एक रात्र तंबूत राहायचे आहे, जमेल ना?" तेव्हा हसूच आले. तंबूत झोपायचे पैसे मोजायचे, एवढे मात्र नवीन होते.

आम्ही मुलुंडकर. हा डोंगर रोज खिडकीतून दिसतो, पण त्याच्या पोटात कधी रात्र काढली नव्हती. घोडबंदरच्या बाजूने वळसा घेतला तेव्हा खाडी लागली. नातीला म्हटले, "बाळ, आपण बेटावर राहतो." तिला पटेना. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची, पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी. मध्ये हे साष्टी बेट. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली सगळी त्याच्यावरच वसलेली. आणि या गर्दीच्या मधोमध शंभरावर चौरस किलोमीटरचे रान, त्यात तुळशी आणि विहार हे दोन तलाव. विहारचे पाणी मुंबईला १८६० पासून मिळते. पन्नासच्या आसपास बिबटेही याच रानात राहतात.

वारली मंडळींचे पाडे आहेत तिथे. त्यांचा वाघोबा असतो, शेंदूर लावलेला. बिबट्या दाराशी येतो आणि हे लोक त्यालाच देव मानून शेजार करतात. माळ घातल्यापासून मी दुसऱ्या देवापुढे नवस बोललो नाही, पण वाघोबाविषयी ऐकून हात जोडले गेले. त्यात काही चुकले असे वाटत नाही.

दिवे लागायच्या वेळी नेमाप्रमाणे हरिपाठाला बसलो आणि पिशवीतून टाळ काढले. तिथला एक तरुण जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबा, रानात आवाज नको. ही जनावरांची बाहेर पडायची वेळ असते." मला राग आला. ज्याने पंचक्रोशीत सप्ताह गाजवले, त्याला एक पोरगा गप्प बसा म्हणतो! टाळ पिशवीत ठेवले आणि मनातल्या मनात हरिपाठ सुरू केला. तोही नीट होईना. मधेच अभंग विसरत होतो. चालीवाचून, टाळकऱ्यांवाचून मला हरिपाठ येतच नाही की काय, अशी शंका तिथे पहिल्यांदा आली.

तुकोबारायांचा झाडावेलींच्या सोयरिकीचा अभंग मी किती वेळा निरूपणाला घेतला असेल, मोजदाद नाही. भामचंद्रावरचा, भंडाऱ्यावरचा त्यांचा एकांत मी ध्वनिक्षेपकावरून सांगितला, तोही हजार दोन हजार माणसांपुढे. भारुडातला पिंगळा रंगवून म्हटला, पण झाडावर चिरकणारे ते एवढेसे घुबड म्हणजे पिंगळा, हे त्या रात्री त्याच पोराने दाखवले. मग माझा राग गेला.

खरी गोष्ट त्यानंतरची. मध्यरात्र उलटून गेली होती. चितळ ओरडले, एकदा, दोनदा. मग किड्यांची किरकिरही थांबली. तंबूच्या कापडापलीकडे सुकी पाने वाजली. कोणीतरी चालत होते, अगदी सावकाश. नात माझ्या कुशीत होती. मी ओरडलो. काय ओरडलो? विठ्ठलाचे नाव नाही. मुलाच्या नावाने हाक मारली.

तो शेजारच्या तंबूतून बॅटरी घेऊन धावत आला. बाहेर काही नव्हते. हरीण असेल, कुत्रे असेल. तो हसला, "अण्णा, झोपा," म्हणाला आणि गेला. नात जागीसुद्धा झाली नाही.

मी मात्र पहाटेपर्यंत बसून होतो. अंतकाळी नाम मुखात यावे म्हणून जन्मभर नाम घ्यायचे, हे मी पन्नास वर्षे सांगितले. अजामिळाची कथा तर माझ्या हातची. त्याने भयाने मुलालाच हाक मारली, पण मुलाचे नाव नारायण होते म्हणून तरला. इथे मंडळी नेहमी हसत. माझ्या मुलाचे नाव त्या काळच्या एका सिनेनटावरून ठेवलेले आहे. त्याच्या आजीने ज्ञानेश्वर सुचवले होते. शाळेत पोरे चिडवतील म्हणून मीच नको म्हटले.

सकाळी कान्हेरीला गेलो. शंभराहून अधिक लेणी आहेत. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. नातीला वाटले, कान्हाचा. मीही लगेच दुरुस्त केले नाही. खोल्यांत भिक्षूंसाठी दगडात कोरलेले ओटे आहेत, बाहेर पाण्याच्या पोढी. पावसाळ्यात ते एका जागी राहत, आपण त्याच महिन्यांत चातुर्मास पाळतो. एका ओट्यावर बसलो. हात लावून पाहिला, गार होता. या अंधारात त्यांना काय सुचत असेल, भ्याले म्हणजे कोणाला हाक मारत असतील, असे मनात आले. तिथे बसूनच हरिपाठ पुन्हा घेतला, ओठ न हलवता. या वेळी तीनच ठिकाणी अडलो.

आता घरीही मी सायंकाळचा हरिपाठ आधी एकदा मुक्याने करतो, मग टाळ घेतो. सूनबाईंना वाटते घसा बसला आहे. काढा करून देतात. मुलाला त्या हाकेचे अजून काही सांगितलेले नाही. हा अंक घरी येतोच, तेव्हा वाचेल.