विसा न लागणारी नोकरी
आमच्या म्हसळा-श्रीवर्धनकडे मुलगा आयटीआय झाला की पहिला प्रश्न, पासपोर्ट काढला का? यंदा दहावीच्या वर्गात मी हिंगोलीचं नाव घेतलं. तिथे औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. केंद्राने २०२३ साली २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत जवळजवळ पूर्ण निर्वात. एक जोड गळला तरी आत शिरलेली हवा लेसरचा प्रकाश बिघडवते. म्हणजे शास्त्रज्ञाइतकाच पक्क्या हाताचा वेल्डर हवा, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मुलगीही.

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, पगार दुबईएवढा?”

नसेल, म्हटलं. पण विसा लागत नाही, ईदला घरी येता येतं.

वर्ग गप्प झाला. निम्म्यांचे अब्बा तिकडेच आहेत.